चाळीस टक्के म्हणजे नक्की किती?

मागच्या उन्हाळ्यात ऐन दुपारी आमच्या गल्लीतल्या काकू दारात उभ्या राहिल्या. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी काकांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. काकांचा उजवा डोळा वेल्डिंगच्या ठिणगीनं गेलेला आहे, डावा ठणठणीत. प्रमाणपत्रावर आकडा होता ३०.

"पाय ना वं, माणसाचा अख्खा एक डोळा गेला, अन् हे म्हणते तीस टक्के. दोनातला एक गेला त पन्नास नाई का होत?"

काकूंचं गणित चुकीचं नव्हतं, फक्त सरकारचं गणित वेगळं आहे. किती अवयव गेले हे तिथे मोजत नाहीत. दोन्ही डोळे मिळून, चष्मा लावूनही माणसाला किती दिसत नाही, हे मोजतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० टक्केच मिळतात. आणि योजनांचं दार उघडतं ४० ला.

मी बँकेत काउंटरवर बसते. धाकट्या भावाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यामुळे या कागदांशी माझी जुनी ओळख आहे. हळूहळू गल्लीतले लोकही फायली घेऊन येऊ लागले. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांचा घोळ एकाच ठिकाणी होतो: टक्का हातात आला म्हणजे सगळं मिळालं असं त्यांना वाटतं. खरं तर टक्का ही फक्त किल्ली आहे. ती कोणत्या कुलपाला लागणार, हे टक्क्यासोबत दिव्यांगत्वाचा प्रकार, घरचं उत्पन्न आणि कधीकधी नोकरीची जागा ठरवते.

सध्याचा दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत. आम्ल हल्ल्याचे पीडित, पार्किन्सन, बुटकेपणा, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, आणि आपल्या विदर्भाच्या दृष्टीनं महत्त्वाचे म्हणजे सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया. यातल्या कोणत्याही प्रकारात ४० किंवा त्याहून जास्त टक्के आले की कायद्याच्या भाषेत तुम्ही 'लक्षणीय दिव्यांगत्व' असलेली व्यक्ती ठरता. आरक्षण, पेन्शन, साधनं, कर्ज, जवळपास सगळं इथूनच सुरू होतं.

आता टक्क्यांची बेरीज. एका पायाचे ३० आणि एका हाताचे २० मिळाले तर लोक ५० धरून चालतात. तसं होत नाही. मोठा आकडा पूर्ण धरतात, लहान आकडा घासून धरतात. रीत अशी: ९० मधून ३० वजा केले, उरले ६०. वीसला साठने गुणायचं आणि नव्वदने भागायचं, येतात १३ आणि वर थोडे. ते ३० मध्ये मिळवले की ४३. पन्नास नाही, पण ४० चा उंबरठा ओलांडला. म्हणून डॉक्टरांपुढे जाताना "पायासाठी आलो" एवढंच सांगून थांबू नका. हातही आखडला असेल तर तोही दाखवा. दोन अपुरे आकडे मिळून पुरे होऊ शकतात.

काकांच्या बाबतीत तपासणी नीट झालेली होती, डावा डोळा खरंच चांगला होता. अपिलाची सोय कायद्यात आहे, कलम ५९ मध्ये, पण ती चुकीच्या मोजणीसाठी आहे. न पटलेल्या नियमाला तिथे उत्तर नाही. काकूंना हे सांगताना जीव कसनुसा झाला.

कार्डाचं थोडक्यात सांगते. आता प्रमाणपत्र आणि कार्डाचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरच करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, उपचाराचे कागद जोडायचे, रुग्णालय निवडायचं आणि बोलावलं की तपासणीला जायचं. मिळतं ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, त्यावर अठरा अंकी क्रमांक. ४० च्या खाली पांढरी पट्टी, ४० पासून ८० च्या आत पिवळी, ८० आणि पुढे निळी. केंद्राच्या योजनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक मागतात. प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' लिहिलंय की 'अमुक तारखेपर्यंत', हे घरी आल्या आल्या पाहा. मुदत संपल्याचं बहुतेकांना भरतीची कागदपत्र तपासणी चालू असतानाच कळतं.

बहुतेक लोक माझ्याकडे येतात ते 'संजय गांधी'साठी. संजय गांधी निराधार अनुदान योजना. कमीत कमी ४० टक्के, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी ५० हजारांच्या आत. इतर निराधारांना ही मर्यादा २१ हजार आहे. रक्कम बरीच वर्षं ६०० होती, मग १००० झाली, २०२३ मध्ये १५०० झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं दिव्यांगांसाठी ती महिना २५०० केली, ऑक्टोबरपासून. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असून घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर त्यातले ३०० रुपये इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनच्या नावानं केंद्राकडून येतात, बाकीचे राज्य घालतं. हातात येणारी रक्कम तेवढीच.

आता ५० हजारांना बारानं भागा. महिन्याचे ४१६७ रुपये, आणि तेही अख्ख्या कुटुंबाचे. नागपूरच्या सीताबर्डीतल्या कपड्यांच्या दुकानात गठ्ठे उचलणारा पोरगाही यापेक्षा जास्त घरी नेतो. म्हणजे घरातल्या कुणी महिनाभर नीट काम केलं की नियमाप्रमाणे पेन्शनचा हक्क संपला. त्याच राज्यात २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. आणि केंद्राच्या एडिप योजनेत व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र मोफत मिळायला महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत चालतं, म्हणजे वर्षाला दोन लाख सत्तर हजार. एकाच घरातला तोच माणूस व्हीलचेअरसाठी गरीब ठरतो आणि पेन्शनसाठी श्रीमंत. यावर कुणी समजावून सांगेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. दर हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या रस्त्यावर जे मोर्चे निघतात, त्यांत दिव्यांगांचा मोर्चा असतोच, आणि ही मर्यादा वाढवा ही मागणी जुनीच आहे.

बहिणींचा नेहमीचा प्रश्न: संजय गांधीही घ्यायचं आणि लाडकी बहीणही, चालतं का? नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. दोन्हीचे अर्ज करून बसू नका, नंतर वसुलीची चिठ्ठी येते.

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जातो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. आणि मंजुरीनंतर खरी गंमत सुरू होते, ती माझ्या काउंटरवर दिसते. "मॅडम, मंजूर झाले, पैसे नाई आले." पासबुक कोरं. मग मी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते पाहायला सांगते. सरकार आता पैसे खाते क्रमांकावर टाकत नाही, आधारवर टाकतं, आणि आधारशी शेवटचं जे खातं जोडलं गेलं तिथे ते जाऊन पडतात. एका मावशींचे पाच महिन्यांचे पैसे अशा खात्यात पडून होते, जे गॅस सबसिडीसाठी कधीतरी उघडलं आणि त्या विसरूनही गेल्या होत्या. तहसीलच्या त्यांनी चार चकरा मारल्या होत्या. तिथली चूक काहीच नव्हती.

भाऊ एसएस पॅटर्नचा. नागपुरात हे कुणाला समजवावं लागत नाही. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. वाहकाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही, कारण त्याला आजारच नसतो. एसएस असला तरी ४० आपोआप येत नाहीत, त्रास किती आहे त्याचे कागद पाहून टक्का ठरतो. रक्त किती वेळा चढवलं, किती वेळा भरती व्हावं लागलं, त्याची डिस्चार्ज कार्डं आईनं बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती म्हणून आमचं निभावलं. सिकलसेलच्या रुग्णांना संजय गांधी योजनेत वेगळं स्थान आहे आणि एसटीच्या साध्या गाडीत वेगळी सवलतही आहे, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

बारावीनंतर भावाला कॉलेजचा प्रवेश दिव्यांग कोट्यातून मिळाला. उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण, कलम ३२, सर्व प्रकारांच्या लक्षणीय दिव्यांगांना आहे. पदवी झाली, नोकरीचा अर्ज भरायला बसलो. प्रमाणपत्र तेच, टक्का तोच. आणि यादीत सिकलसेल कुठेच नाही.

नोकरीचं आरक्षण येतं कलम ३४ मधून. एकूण ४ टक्के, त्याची वाटणी अशी: अंध आणि अल्पदृष्टी १ टक्का. कर्णबधिर आणि श्रवणदोष १ टक्का. अस्थिव्यंग १ टक्का, त्यातच मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, आम्ल हल्ला पीडित आणि स्नायूंची विकृती. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि वरच्यांपैकी बहुदिव्यांगत्व या सगळ्यांत मिळून. एकवीस प्रकार मोजून पाहा. रक्ताचे तिन्ही आजार आणि पार्किन्सनसारखे मेंदू-मज्जासंस्थेचे आजार या वाटणीत नाहीत. प्रवेशाला चालणारं प्रमाणपत्र नोकरीला चालत नाही. विदर्भातल्या हजारो पोरांना हे अर्ज नाकारला गेल्यावर कळतं.

भावाचं पुढे असं झालं. सिकलसेलमध्ये हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि खुब्याचा गोळा झिजतो, त्याचाही झिजला होता. लंगडत चालायचा. आम्ही ते आजाराचाच भाग समजत होतो. एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "अहो, खुब्याचं वेगळं तपासून घ्या ना, ते अस्थिव्यंगात बसतं." पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, एक्स-रे, एमआरआय. अस्थिव्यंग म्हणून स्वतंत्र टक्का आला, ४० च्या वर. माणूस तोच, कमरेत तीच कळ, पण आता तो तिसऱ्या गटात बसला. खुबा, गुडघा किंवा खांदा गेलेला सिकलसेलचा मुलगा घरात असेल तर हे आजच करा.

जाहिरात वाचायची कशी, तेही सांगते, कारण इथे पोरं फसतात. दिव्यांग आरक्षण समांतर आहे. एससी, एसटी, ओबीसी, खुला हे उभे रकाने समजा, त्यांना आडवी छेदणारी एक पट्टी म्हणजे दिव्यांग. शंभर जागांत चार दिव्यांगांच्या, पण निवड झालेला मुलगा ओबीसी असेल तर तो ओबीसीच्या रकान्यात मोजला जातो. म्हणून जातीचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र दोन्ही लावायचे, एक घेऊन दुसरं सोडायचं नसतं. केंद्राच्या बिंदुनामावलीत, म्हणजे कितवी जागा कुणासाठी राखीव हे ठरवणाऱ्या यादीत, दिव्यांगांचे बिंदू १, २६, ५१ आणि ७६. म्हणजे पंचवीसच्या पहिल्या गटातला पहिलाच बिंदू. "आमच्याकडे जागाच कमी, दिव्यांगाचा नंबर कुठून येणार" असं कुणी म्हटलं तर हे लक्षात असू द्या. उमेदवार मिळाला नाही तर जागा लगेच दुसऱ्याला देता येत नाही. ती पुढच्या वर्षी जाते. तेव्हाही मिळाला नाही तर दिव्यांगांच्याच दुसऱ्या गटाला विचारायचं, आणि तिथेही कुणी नसेल तरच इतरांना. अनुशेष म्हणतात तो हाच.

प्रत्येक पदापुढे बारीक अक्षरात काही खुणा असतात: ओए म्हणजे एक हात, ओएल एक पाय, बीएल दोन्ही पाय, एलव्ही अल्पदृष्टी, एचएच श्रवणदोष. त्याशेजारी एस, एसटी, डब्ल्यू, म्हणजे त्या कामात बसणं, उभं राहणं, चालणं लागतं. आपली खूण त्यात नसेल तर कितीही गुण मिळवून उपयोग नाही. आधी खुणा वाचायच्या, मग फी भरायची. तशी यूपीएससी आणि एसएससीच्या (केंद्राचा कर्मचारी निवड आयोग, दहावी नव्हे) परीक्षांना लक्षणीय दिव्यांगांना फीच नाही. वयाची सूट केंद्रात दहा वर्षांची, राज्यात वय ४५ पर्यंत चालतं. लिहायला अडचण असेल तर लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, पण ते अर्जातच मागावं लागतं, परीक्षेच्या सकाळी नाही.

नोकरी लागल्यावर दिव्यांगत्व आलं तर? माझ्या मामांचा मधुमेहानं डावा पाय गुडघ्याखाली कापला. सरकारी नोकरी, अजून नऊ वर्षं बाकी. कार्यालयातून निरोप आला, "भाऊ, आता काऊन त्रास करून घेता, वैद्यकीय निवृत्ती घ्या, सही करून द्या." मामा सही करायलाच निघाले होते. मी कलम २० चं चौथं उपकलम मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या हातात दिलं. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेनं काढायचं नाही, पदही खाली आणायचं नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यायचं, आणि तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद निर्माण करून ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत ठेवायचं. मामा आज आवक-जावकला बसतात. पण ज्यांनी सही केली त्यांच्यासाठी परत येणं फार कठीण. म्हणून कुणी सहीला कागद पुढे केला की आधी घरी आणा, वाचा.

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांत प्रेस मशीनखाली बोटं गेलेल्यांचा टक्का पुन्हा वेगळाच. कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू असेल तर त्यांचं वैद्यकीय मंडळ 'कमावण्याची क्षमता किती घटली' हे मोजतं आणि पगाराच्या ९० टक्के रकमेत त्या प्रमाणात दरमहा पैसे देतं, आयुष्यभर. यूडीआयडीवरचा टक्का इथे चालत नाही आणि इथला तिथे चालत नाही. यूडीआयडीला ४० आले नाहीत म्हणून ईएसआयचा अर्ज सोडून देऊ नका, त्याला चाळीसची अटच नाही. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २१ हजार आहे, दिव्यांग कामगारांना २५ हजार. विमा लागू नसेल तर मालकाकडून भरपाई मागता येते, आधी १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यानं, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेनं. ठेकेदार दहा हजार हातावर ठेवून "झालं आता" म्हणतो, तेव्हा ते झालेलं नसतं. खासगी कंपनीत आरक्षणाची सक्ती नाही, पण वीस किंवा जास्त माणसं असतील तर समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात मुलाखतीला जाणाऱ्यांनी ते विचारायला काहीच हरकत नाही.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्ज आहे, लहान रकमेला व्याज ५ टक्क्यांपासून. जामीनदार शोधण्यातच बहुतेकांचा दम निघतो. पगारदारांनी दोन गोष्टी आठवाव्यात: ४० टक्के असतील तर महाराष्ट्रात व्यवसाय कर लागत नाही, वर्षाचे अडीच हजार वाचतात. आणि प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्क्यांपुढे सव्वा लाखाची. दिव्यांग मुलाच्या आईवडिलांनाही तशीच वजावट वेगळ्या कलमात मिळते. एसटीत तिकिटाला ७५ टक्के सूट.

काउंटरवर मला सगळ्यात जड जातं ते बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची आई समोर येते तेव्हा. मुलगा अठराचा झाला की कायद्यानं तो सज्ञान, आणि त्याच्या वतीनं सही करायचा आईचा अधिकार संपतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व घ्यावं लागतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. याच चार प्रकारांना निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंत. वडील सरकारी नोकरीत असतील तर स्वतः कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्याची नोंद वडील असतानाच करून ठेवावी. मागे राहिलेल्या आईला ते कागद जमवताना मी पाहिलंय.

काकूंकडे परत येते. तीस टक्क्यांत काहीच नाही असं मी त्यांना आधी सांगून बसले होते. नंतर काकांशी बोलताना कळलं की डोळा गेला त्या दिवशी ते हिंगण्याच्या कारखान्यात कामावर होते, आणि पगारातून दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापले जात होते. "ते कापत होते बापा, पण कशाले ते मालूम नव्हतं," काका म्हणाले. अपघाताची नोंद कारखान्यानं केली होती का, ते आता शोधतोय. पगारपावत्यांचा गठ्ठा काकूंनी परवा आणून दिला, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत.